वायर तुटली तर

नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो. मग शिरवळ, मग खंडाळा, आणि खंडाळ्याची वस्ती सरता सरता समोर खंबाटकीचा डोंगर आडवा येतो. लोणावळ्याशेजारचं सहलीचं खंडाळा वेगळं. हे सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं गाव. साताऱ्याकडे जाणारी वाहनं इथून घाट चढतात, तिकडून येणारी बोगद्यातून बाहेर पडतात. त्यामुळे खंडाळ्याच्या अंगाला जी गाडी बिघडते ती बहुधा चढाच्या तोंडाशी बिघडते, भरलेल्या मालासकट.

एका उन्हाळ्यात तिथल्या एका गॅरेजसमोर मी तासभर बसून होतो. कांद्याच्या गोण्या भरलेला एक जुना डिझेल टेम्पो आत घेतला होता. चढाला लागतानाच एक्सलेटरची वायर तुटली होती. पेडल पायाखाली एकदम मऊ पडलं, इंजिन चालू राहिलं पण स्लोवर आलं, आणि ड्रायव्हरनं गाडी कडेला घेऊन चाकामागे दगड लावला. मिस्त्रीनं बॉनेट उघडून डिझेल पंपावरची बोटभर लांबीची लिव्हर दाखवली. तिला एका बाजूनं वायर ओढते, दुसऱ्या बाजूनं एक स्प्रिंग. वायर ओढली की रेस वाढते. वायर सुटली की स्प्रिंग लिव्हर मागे खेचून इंजिन स्लोवर आणते. त्यानं ती स्प्रिंग बोटानं ताणून सोडली. वायर तुटली म्हणून गाडी थांबली, तो म्हणाला, स्प्रिंग तुटली असती तर थांबली नसती.

या प्रकरणाचा विषय हलकी विमानं आहे, पण ते वाक्य मला पुस्तकभर सोबत ठेवायचं आहे. कारण दोन माणसांच्या हलक्या विमानातही हीच जोडी असते: एक वायर, एक स्प्रिंग. फक्त तिथं स्प्रिंगचं तोंड उलट दिशेला असतं.

जगात उडणाऱ्या हलक्या विमानांपैकी फार मोठ्या संख्येत एकच इंजिन सापडतं, ऑस्ट्रियातल्या गुन्स्किर्शेन इथं तयार होणारं रोटॅक्स ९१२. ते १९८९ मध्ये आलं. चार सिलिंडर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे आडवे झोपलेले. क्षमता १२११ घन सेंटिमीटर, म्हणजे एखाद्या छोट्या मोटारीएवढी. ताकद ८० अश्वशक्ती. पुढे १३५२ घन सेंटिमीटरचा १०० अश्वशक्तीचा भाऊ आला. अमेरिकेनं २००४ मध्ये ‘लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट’ हा वर्ग केला. दोन आसनं आणि जमिनीवरून उडणाऱ्या विमानाला ६०० किलोची वजनमर्यादा, हे त्याचे तेव्हाचे मुख्य नियम होते. या वर्गाच्या वाढीला या इंजिनाचा मोठा हातभार लागला. आपल्याकडेही ते अनोळखी नाही. भारतानं २०१५ मध्ये पिपिस्ट्रेल कंपनीची ‘व्हायरस एसडब्ल्यू ८०’ जातीची १९४ विमानं मागवली, त्यांतली सर्वांत मोठी वाटणी एनसीसीची होती. कॉलेजातल्या मुलामुलींना पहिल्यांदा आकाशात नेणाऱ्या या विमानाला आपल्या हवाई दलानं ‘गरुड’ म्हटलं. त्याच्या नाकात हेच ८० अश्वशक्तीचं ९१२ असतं.

या इंजिनाला दोन कार्बोरेटर असतात, प्रत्येक बाजूच्या दोन सिलिंडरांना एक. वैमानिकाच्या हातातला थ्रॉटल एकच, पण त्यातून निघालेली वायर पुढे दोन होते आणि डाव्या-उजव्या कार्बोरेटरवरच्या लिव्हरना जाऊन मिळते. प्रत्येक लिव्हरला एक स्प्रिंग. इथंच टेम्पोचा हिशेब उलटतो. वैमानिक थ्रॉटल मागे घेतो तेव्हा वायर लिव्हर ओढून कार्बोरेटरची झडप बंद करते. तो थ्रॉटल पुढे ढकलतो तेव्हा वायर काहीच ढकलत नाही. बारीक लवचीक वायर ढकलू शकतच नाही, ती फक्त ढिली पडते. झडप उघडते ती स्प्रिंग. म्हणजे विमान धावपट्टीवर पूर्ण ताकदीनं धावतं तेव्हा ती ताकद दोन स्प्रिंगांनी उघडून दिलेली असते. आणि वायर तुटली तर त्या बाजूची झडप सताड उघडते. इंजिन स्लोवर येत नाही, पूर्ण रेस धरते.

प्रथम ऐकणाऱ्याला हे भयंकर वाटतं. मोटारीच्या जगात वाढलेल्या माणसाला तर हा उघड वेडेपणा वाटेल. अमेरिकेच्या मोटारविषयक नियमांत पेडलवरून पाय उचलल्यावर इंजिन स्लोवर आणणाऱ्या शक्ती एक नव्हे, किमान दोन असाव्यात असं सांगितलेलं आहे. एक स्प्रिंग तुटली तरी दुसरी असावी म्हणून. ते बरोबरच आहे. रस्त्यावर ताकद गेलेली गाडी कडेला उभी राहते आणि बेलगाम ताकदीची गाडी माणसं मारते.

पण हवेत कडेला घ्यायला जागा नसते. धावपट्टीवरून नुकतंच उठलेलं विमान, खाली झाडं, समोर वस्ती, उंची शंभर मीटर. या क्षणी वायर तुटली आणि इंजिन स्लोवर आलं तर समोर जे असेल त्यावर उतरण्यावाचून इलाज नाही. त्याच क्षणी वायर तुटून इंजिन पूर्ण ताकदीवर गेलं तर विमान चढत राहतं, आणि वैमानिकाला विचार करायला वेळ मिळतो. शिवाय जास्तीची ताकद काढून घेण्याचा एक मार्ग त्याच्या हातात कायम असतो. समोरच्या फळीवर इग्निशनचे दोन स्विच असतात. ते बंद केले की इंजिन थांबतं, वायर असो वा नसो. हातात नसलेली ताकद आणून देणारा स्विच मात्र कुठल्याच विमानात नाही. उघड्या बाजूला ओढणाऱ्या स्प्रिंगचं सगळं समर्थन एवढ्यावर उभं आहे, आणि मला ते पूर्ण पटतं.

स्प्रिंग कुठल्या बाजूला ओढते, हा बिघाडाच्या दिवसासाठी आधीच करून ठेवलेला निर्णय असतो. खंबाटकी चढणाऱ्या एअर-ब्रेकच्या ट्रककडे पाहा. त्याच्या मागच्या चाकांशी एक जबरदस्त स्प्रिंग दाबून धरलेली असते, हवेच्या दाबानं. हवा गळून गेली की ती स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आवळते. ट्रकच्या रचनाकारानं ठरवून टाकलं की हवा गेलेल्या ट्रकनं जागीच थांबावं. सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला आणखी जवळचं उदाहरण म्हणजे विहिरीवरचं डिझेल इंजिन. किर्लोस्करवाडी याच भागातली, तिथल्या पंपांशी आणि पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिनांशी इथल्या तीन पिढ्यांचं नातं आहे. त्या इंजिनाच्या गव्हर्नरमध्ये स्प्रिंग डिझेल वाढवायच्या बाजूला ओढते आणि गरगरणारी वजनं बाहेर फेकली जाऊन ते कमी करायच्या बाजूला रेटतात. दोघांच्या ओढाताणीत इंजिनाची चाल ठरते. स्प्रिंग तुटली तर वजनं जिंकतात आणि इंजिन मंदावतं. विहिरीवर तेच हवं. पाणी थांबलं तर माणूस शेताच्या टोकावरून चालत येऊन बघेल.

हे लक्षात ठेवूनच आता एका प्रश्नाकडे वळू. रोटॅक्सचं विमान बाळगणारे लोक या स्प्रिंगा आणि थ्रॉटलची जोडणी बदलायला का निघतात?

तक्रार हाताची असते. स्प्रिंगा कडक असतात, आणि दोन असतात. वैमानिकाला विमान जमिनीवर सावकाश चालवायचं असतं, इंजिन स्लोवर ठेवायचं असतं, तेव्हा तो सतत त्या दोन स्प्रिंगांविरुद्ध थ्रॉटल मागे धरून बसतो. हात काढला की थ्रॉटल आपोआप पुढे सरकतो. इंजिनाची थरथर या सरकण्याला मदत करते. स्थिर टेबलावरची वाटी हलत नाही, पण टेबल थरथरलं की उताराकडे चालू लागते, तसंच. यावर उपाय म्हणून थ्रॉटलच्या दांड्याला घर्षणाचा नट असतो. तो आवळला की दांडा जागच्या जागी राहतो. पण कडक स्प्रिंगला पुरेल इतका आवळला तर दांडा झटक्यानं हलतो: ढकलतोय, ढकलतोय, हलत नाही, आणि हलला की हवा त्यापेक्षा जास्त. उतरताना, जमीन दहा फुटांवर असताना, ताकद केसाएवढी कमी-जास्त करायची असते. तिथं असा दांडा फार त्रास देतो. थंड इंजिन सुरू करतानाही अडचण येते. या कार्बोरेटरचा चोक थ्रॉटल जवळजवळ पूर्ण मागे असेल तरच नीट काम करतो. तो पुढे सरकलेला असेल तर स्टार्टर फिरत राहतो आणि इंजिन धरत नाही.

मग कुणीतरी सुचवतं की स्प्रिंग हलकी टाका. बाजारात हलक्या स्प्रिंगा मिळतातही. इथं थोडं गणित केलंच पाहिजे, कारण यात जी चूक होते ती गणिताची असते.

ताणलेल्या स्प्रिंगची ओढ तिच्या ताणाच्या प्रमाणात वाढते, हे रॉबर्ट हूक यानं १६७८ मध्ये छापून सांगितलं. दुप्पट ताणा, दुप्पट ओढ. पण किती ताणल्यावर किती ओढ, म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा, हा, धातू तोच असेल तर, तीन गोष्टींवर ठरतो आणि त्या तिघींचं वजन सारखं नाही. वेटोळी दुप्पट केली तर कडकपणा निम्मा होतो. वेटोळ्याचा व्यास आठ मिलिमीटरचा नऊ केला तर कडकपणा तीस टक्के उतरतो, कारण व्यासाचा घन मोजावा लागतो. आणि तारेच्या जाडीचा तर चौथा घात. तार एक मिलिमीटरऐवजी ०.९ मिलिमीटर घेतली, नुसत्या डोळ्याला फरक दिसणारही नाही, तरी कडकपणा एक तृतीयांशाहून अधिक कमी होतो. दुकानातून ‘दिसायला तशीच’ स्प्रिंग आणून लावणं किती धोक्याचं आहे ते यावरून कळेल.

आता एक उदाहरण घेऊ. हे आकडे समजण्यासाठीचे आहेत, कुठल्याही इंजिनाचे नाहीत. एक मिलिमीटर जाड पोलादी तार, आठ मिलिमीटर व्यास, वीस वेटोळी. झडप सताड उघडी असताना ही स्प्रिंग पाच मिलिमीटर ताणलेली आहे. झडप बंद करताना वायर तिला आणखी वीस मिलिमीटर ताणते. हिशेब केला तर उघड्या टोकाला तिची ओढ साधारण अर्धा किलो भरते आणि बंद टोकाला अडीच किलो. नीट पाहा: स्प्रिंगचं सगळ्यात महत्त्वाचं काम झडप शेवटपर्यंत, पूर्ण उघडायचं, आणि नेमकी तिथंच तिची ओढ सर्वांत कमी असते. वैमानिकाचा हात दुखतो तो दुसऱ्या टोकाला, स्लोवर, जिथं ती सर्वांत जास्त ओढते.

हात दुखतो म्हणून ०.९ मिलिमीटर तारेची स्प्रिंग लावली. स्लोवर ओढ अडीचवरून एक किलो सहाशे ग्रॅमवर आली. हात खूश. पण उघड्या टोकाला ती अर्ध्या किलोवरून तीनशे ग्रॅमवर घसरली. एवढ्या ओढीनं झडपही उघडायची आणि वायर तिच्या नळीतून फरफटत पुढेही न्यायची. नवी वायर असेल तोवर जमेल. दोन पावसाळ्यांनी वायरला गंज धरला, नळीत धूळ बसली, की झडप पूर्ण उघडायच्या आधीच थांबेल. उन्हाळ्यात, दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन विमान उठवताना ताकद कमी पडते आहे हे तेव्हा कळेल. आणि वायर तुटलीच तर झडप कुठं जाऊन थांबेल हे कुणी सांगू शकणार नाही. ज्या निर्णयासाठी स्प्रिंग बसवली होती तोच हरवला.

मूळची एक मिलिमीटरचीच तार घेऊन वेटोळी चाळीस केली आणि स्प्रिंग पाचऐवजी पंधरा मिलिमीटर आधीच ताणून बसवली तर? स्लोवर ओढ एक किलो सातशे ग्रॅम, म्हणजे हाताला जवळजवळ तेवढाच आराम. उघड्या टोकाला मात्र पाऊण किलो भरते, मूळ स्प्रिंगपेक्षा दीडपट. लांब, मऊ, पण आधीच चांगली ताणलेली स्प्रिंग आखूड आणि कडक स्प्रिंगपेक्षा सगळ्या प्रवासभर सारखी ओढते. मला हे गणित पहिल्यांदा कागदावर मांडल्यावर जो आनंद झाला तो अजून आठवतो. दोन्ही बाजूंची तक्रार एकाच स्प्रिंगनं मिटते, फक्त तिला बसायला जागा लांब लागते, आणि इंजिनाच्या झाकणाखाली जागेचीच टंचाई असते.

बहुतेक वेळा मात्र दोष स्प्रिंगचा नसतोच. वायर कशी टाकली आहे ते आधी पाहावं. नळीतून जाणाऱ्या वायरचं घर्षण तिच्या लांबीपेक्षा वळणांवर ठरतं. विहिरीत बादली सोडताना दोराला खांबाभोवती एक वेढा दिला की जड बादलीही एका हातात पेलते. दोन वेढे दिले की हात नुसता लावून धरला तरी चालतं. वायरच्या नळीनं घेतलेली सगळी वळणं जोडून पाहा. फळीमागे एक अर्धा वेढा, इंजिन आणि आसनं यांच्या मधल्या आगभिंतीतून बाहेर आल्यावर दुसरा, कार्बोरेटरकडे वळताना तिसरा: झाला दीड वेढा. वळणांची बेरीज जशी वाढते तसं घर्षण बेरजेनं नाही, पटींनी वाढतं. म्हणून मोठ्या, सैल वळणांनी वायर नव्यानं टाकणं, आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेली नळी घेणं, ती गरम एक्झॉस्टपासून दूर बांधणं, हीच खरी सुधारणा. एवढं केल्यावर ‘कडक’ स्प्रिंगही कडक वाटेनाशी झाल्याचं अनेकदा दिसतं.

दुसरा चांगला मार्ग म्हणजे थ्रॉटलच्या दांड्यापाशीच एक उलट ओढणारी स्प्रिंग लावायची. ती कार्बोरेटरच्या स्प्रिंगांचा भार बराचसा तोलून धरते, म्हणून घर्षणाचा नट हलकाच आवळावा लागतो. वायर तुटली की ही स्प्रिंग वायरच्या अलीकडे राहते आणि पलीकडची कार्बोरेटरची स्प्रिंग, मूळ ताकदीची, आपलं काम करायला मोकळी असते. बिघाडाच्या दिवसाचा निर्णय जसाच्या तसा ठेवून रोजचा त्रास कमी करणारी ही युक्ती मला या सगळ्यांत सर्वांत देखणी वाटते.

आणि एक मार्ग पूर्ण वर्ज्य. स्प्रिंगा फिरवून बंद बाजूला लावायच्या, मोटारीसारख्या, म्हणजे हाताला सवयीचं वाटेल. हे सुचवणारे भेटतात, आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. जमिनीवर विमान अचानक सुटेल याची त्यांना भीती वाटते. ती भीती खोटी नाही. वायर निसटलेली असताना कुणी इंजिन सुरू केलं तर ते सुरू होताक्षणी पूर्ण रेस धरतं आणि विमान पुढे झेपावतं. पण त्याला उत्तर चाकांना अडथळे लावण्यात, ब्रेक धरण्यात आणि सुरू करण्याआधी दोन्ही लिव्हर स्लोच्या खुंटीला टेकल्या का हे पाहण्यात आहे. स्विचही हाताशी आहेत. जमिनीवरच्या भीतीपायी हवेतला आधार काढून घेऊ नये.

दोन कार्बोरेटरांची आणखी एक गंमत आहे, आणि काळजीही. डावी आणि उजवी झडप तंतोतंत सारखी उघडली पाहिजे. एक बाजू किंचित पुढे असेल तर दोन सिलिंडर जास्त जोर लावतात, दोन कमी, आणि इंजिन थरथरतं. इंजिन मिनिटाला ५८०० फेऱ्यांपर्यंत फिरतं आणि प्रोपेलर त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून मध्ये दातेरी चाकांची पेटी असते. ८० अश्वशक्तीच्या इंजिनात २.२७ फेऱ्यांना एक. ही थरथर ती पेटी खाते. म्हणून स्प्रिंगा नेहमी जोडीनं बदलायच्या. एक तुटली, एकच नवी टाकली, असं चालत नाही. जुनी स्प्रिंग तापून, ताणून सैल पडलेली असते आणि दोन बाजूंचं जमत नाही. बदलल्यानंतर आधी नुसत्या डोळ्यांनी जुळवायचं: दोन्ही लिव्हर एकाच क्षणी खुंटी सोडतात का. मग दोन्ही बाजूंना हवेच्या ओढीचे काटे जोडून, इंजिन चालू ठेवून, वायरच्या टोकाचे नट चतकोर-चतकोर फिरवत दोन्ही सुया एका रेषेत आणायच्या. हे काम घाईत होत नाही. सतार लावणाऱ्याला जेवढा वेळ द्यावा तेवढा या मेकॅनिकला द्यावा.

स्प्रिंग तुटते ती मधे नाही, आकड्यापाशी. तार जिथं वेटोळं सोडून आकड्यासाठी वळते तिथं तिच्यावर सर्वाधिक ताण असतो. त्यात आकडा लिव्हरच्या भोकात सतत घासतो, थरथरीनं, तासन्‌तास. तपासणीच्या वेळी स्प्रिंग काढून आकड्याच्या आतल्या बाजूवर नख फिरवावं. नखाला खाच लागली तर ती स्प्रिंग संपली. भोक लांबट झालं असेल तर लिव्हरही. पक्कडीनं आकडा वाकवून लांबी जुळवायचा मोह होतो, पण पक्कडीच्या दातांचा एक ओरखडा म्हणजे पुढच्या तुटीची जागा नेमून देणं.

समजा, एवढं सगळं सांभाळूनही हवेत एकच वायर तुटली. डावी झडप सताड, उजवी वैमानिकानं ठेवली तिथं. इंजिन जोरजोरात हादरू लागतं आणि माणूस घाबरून थ्रॉटल मागे घेतो. ते नेमकं चुकीचं, कारण दोन बाजूंतली तफावत आणखी वाढते. थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलायचा. दोन्ही झडपा सताड झाल्या की दोन्ही बाजू पुन्हा जुळतात आणि हादरे थांबतात. नाक वर ठेवून चढत राहायचं, म्हणजे फेरे मर्यादेत राहतात. धावपट्टीच्या डोक्यावर उंची घ्यायची, आणि तिथून तरंगत उतरता येईल याची खात्री झाल्यावर स्विच बंद करायचे. पुढचं काम ग्लायडरच्या वैमानिकाचं. खंडाळ्यापासून दीडेक तासावर, पुण्याच्या हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग केंद्र आहे. तिथं शिकणारी मुलं विंचच्या दोरानं वर जातात आणि प्रत्येक वेळी इंजिनाशिवायच उतरतात. ज्यांना विमान चालवायचं आहे त्यांनी आधी ग्लायडर शिकावं असं मला मनापासून वाटतं, आणि या एका बिघाडासाठी तरी ते पुरेसं कारण आहे.

कागदाबद्दल थोडक्यात. टेम्पोची स्प्रिंग मिस्त्री बदलतो आणि पैसे घेतो. विमानाची स्प्रिंग बदलणं हा नोंदवायचा बदल आहे. कारखान्यानं सांगितलेला भाग असेल तर परवानाधारक इंजिनिअरच्या सहीनं. वेगळा भाग असेल तर मंजुरी घेऊन. अमेरिकेतही तयार मिळालेल्या लाइट स्पोर्ट विमानात असा बदल करायला निर्मात्याची लेखी परवानगी लागते. स्वतः जोडलेल्या विमानाच्या मालकाला सूट अधिक आणि म्हणून जबाबदारीही अधिक. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान जोडलं. २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं २०२० मध्ये. ही प्रतीक्षा फार लांबली असं मी म्हणेन. तरीही प्रत्येक वायर आणि प्रत्येक स्प्रिंग कुणीतरी दुसऱ्यानं पाहावी, या आग्रहाशी माझं भांडण नाही.

हँगरमध्ये नवी स्प्रिंग बसवल्यानंतरची शेवटची परीक्षा मी जवळून पाहिली आहे. झाकण काढलेलं, इंजिन थंड, दोन्ही स्विच बंद आणि किल्ली मेकॅनिकच्या खिशात. एक जण आत बसून थ्रॉटल पूर्ण मागे घेतो. बाहेरचा डाव्या लिव्हरपाशी वाकून पाहतो, खुंटीला टेकली. मग उजवीकडे येऊन पाहतो, टेकली. थ्रॉटल पुढे, दोन्ही शेवटपर्यंत उघडल्या. मग तो डाव्या कार्बोरेटरवरून वायर सोडवतो, लिव्हर अंगठ्यानं बंद बाजूला दाबून धरतो, आणि अंगठा काढतो. लिव्हरनं कुठंही न अडखळता, कुणी न ढकलता, थेट उघड्या टोकाच्या खुंटीवर जाऊन आदळायला हवं. ‘टक्’ असा आवाज येतो. तो तीन वेळा करून पाहतो, तिन्ही वेळा कान देऊन ऐकतो, आणि पान्हा घेऊन उजव्या बाजूला जातो.